खडबडीत ट्रॅकवर मोटोक्रॉस गाडीचा ब्रेक हवा तसा लागत नाही, काय काय तपासावं?

धुरळा
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचतोय, आज मदत हवी आहे म्हणून पहिला धागा काढतोय.

मी भांडुपला राहतो. मामेभाऊ आणि मी मिळून २५० सीसीची एक सेकंडहँड मोटोक्रॉस गाडी घेतली आहे. तिला पासिंग नाही, रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून दर रविवारी पहाटे पाचला छोट्या हत्तीत चढवतो आणि बदलापूरच्या पुढे नेतो. तिथे ओळखीच्या शेतकऱ्याचा मुरमाड माळ पडीक आहे. त्याच्या परवानगीने आम्ही आठ-दहा जणांनी साधारण सातशे मीटरचा ट्रॅक आखला आहे. दोन टेबलटॉप (वरून सपाट असलेले उडीचे उंचवटे), एक लांब उतार आणि उताराच्या पायथ्याशी डावीकडे घट्ट वळण.

अडचण याच उताराची. वळणाच्या आधीचे पंचवीस-तीस मीटर आता सिमेंटच्या पत्र्यासारखे झाले आहेत, एकामागे एक लाटा, काही तर वीतभर उंच. तिथे पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर कडक लागतो पण गाडी थांबत नाही. पुढचं चाक थडथडत जातं, मी वळण चुकवून बाहेरच्या बांधापर्यंत पोचतो. आणि चार-पाच फेऱ्यांनंतर मागच्या ब्रेकचं पेडल मऊ पडतं, कधी कधी तर पार खाली जातं. वीस मिनिटं सावलीत उभी केली की पेडल परत ठीक.

आज बांधावर आडवा झालो. मनगट सुजलंय, बाकी ठीक आहे. पण आता खरंच भीती बसली आहे.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. पुढचे पॅड नवे टाकून दिले आणि वर म्हणाले, मोठी डिस्क बसवा, दुसरा इलाज नाही. खर्च बराच आहे. करावा का?

निळी_हेल्मेट
रविवार, रात्री ११.१५

आधी मनगटाचा एक्सरे काढून घे. सूज उतरली म्हणजे हाड ठीक आहे असं नसतं.

ब्रेकबद्दल: मोठी डिस्क लावलीस तर फरक नक्की पडेल. सोबत रबरी नळी काढून स्टीलच्या जाळीची टाक. रबरी नळी जुनी झाली की दाबाखाली फुगते आणि लिव्हरची काही चाल तिथेच वाया जाते.

ठाणेकरीण
सोमवार, सकाळी ७.०५

निळी_हेल्मेट, नळीचं पटलं, डिस्कचं नाही. आजकालच्या २५० आणि ४५० मोटोक्रॉस गाड्यांना पुढे २६० ते २७० मिमीची डिस्क कंपनीकडूनच येते. गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास. एवढ्या डिस्कला त्या वजनाचं पुढचं चाक एका बोटात जागच्या जागी थांबवता आलं पाहिजे.

धुरळा, मला आधी एकच सांग. लाटा नसलेल्या सपाट जागी, कोरड्या मुरमावर, ४० च्या वेगात पुढचा ब्रेक एका बोटाने दाबलास तर गाडी थांबते का? थांबत असेल तर तुझा पुढचा ब्रेक चांगला आहे आणि पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होणार आहेत. सगळे इथेच फसतात. लिव्हर कडक लागतोय पण गाडी थांबत नाही, याचा अर्थ ब्रेक चाकाला धरतोय, पण चाक जमिनीला धरत नाहीये.

पानाठोक
सोमवार, दुपारी २.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कुर्ल्याला गॅरेजच्या धंद्यात बावीस वर्षं झाली. ताईंनी पुढच्याचं बरोबर सांगितलं. मी मागच्याबद्दल बोलतो, कारण मागच्याचं लक्षण अगदी स्वच्छ आहे.

पेडल गरम झाल्यावर मऊ पडतं आणि थंड झाल्यावर परत येतं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर ब्रेक लागतो. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता ते वाफ दाबण्यात संपतं, पॅडपर्यंत काही पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑइल, पेडल परत घट्ट. नळीत साधी हवा असती तर पेडल पहिल्या फेरीपासूनच स्पंजसारखं लागलं असतं.

आता ते उकळतं का, तर दोन कारणं.

पहिलं कारण आपली मुंबई. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ऑइलं हवेतला ओलावा ओढून घेतात. नव्या डॉट ४ चा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ चं तेच २६० आणि १८०. जुलैत आपल्याकडे भिंतीला ओल येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, त्याच हवेत तुमची गाडी पार्किंगमध्ये उभी असते. ओलावा नळीच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातून हळूहळू आत जातो. कोरड्या गावातला माणूस दोन वर्षं ऑइल बदलत नसेल तर नसेल, मुंबईत पावसाळा संपला की बदलायचंच. ट्रॅकवर चालवत असाल तर पावसाळ्याआधीही एकदा.

आणि ही गोष्ट पाठ करून ठेवा: ऑइल नेहमी सीलबंद छोट्या बाटलीतलं. उघडून ठेवलेली अर्धी बाटली सहा महिन्यांनी वापरली तर जुनंच ऑइल परत भरल्यासारखं आहे. डॉट ५ म्हणून एक वेगळं सिलिकॉनचं येतं, ५.१ शी त्याचं फक्त नाव जुळतं. ते यात मिसळायचं नाही.

दुसरं कारण तुमचा पाय. पण ते गाडी बघितल्याशिवाय सांगत नाही. मागची डिस्क तापून निळसर किंवा जांभळट झाली आहे का बघा. आणि मोटोक्रॉसचे जाड बूट घालून फूटरेस्टवर उभे राहा, कोणाला तरी खाली बसून बघायला सांगा की नुसतं उभं असताना बुटाचा तळ पेडलला टेकतोय का.

धुरळा
सोमवार, रात्री ९.५०

एक्सरे झाला. हाड ठीक आहे, दहा दिवस पट्टी.

काका, आताच पार्किंगमध्ये बघून आलो. डिस्कच्या कडेला निळी झाक आहे. बूट घालून उभा राहिलो, मामेभावाने टॉर्च मारला. पेडल फूटरेस्टच्या वर आहे. बूट नुसता ठेवला तरी पेडल दाबलं जातंय! आधीच्या मालकाने तसं लावलं असणार आणि मी कधी पाहिलंच नाही.

मागच्या टाकीतलं ऑइल बिनदुधाच्या चहासारखं काळपट दिसतंय. शेवटचं कधी बदललं माहीत नाही.

ठाणेकरीण ताई, सपाट जागेची चाचणी मनगट बरं झाल्यावर करतो.

पानाठोक
सोमवार, रात्री १०.२०

मग झालं निदान. तुम्ही अख्खा उतार मागचा ब्रेक दाबूनच उतरत होता, तुम्हालाही कळत नव्हतं.

पेडल खाली करा. बूट घालून, ट्रॅकवर उभं राहता तसं उभं राहून लावायचं. तळवा सरळ असताना पेडलला हलका स्पर्शही नको, टाच न उचलता बुटाचं टोक जरा खाली झुकवलं की लागलं पाहिजे. आणि लावताना मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) दांड्याला थोडा मोकळा खेळ राहू द्या. हे अगदी महत्त्वाचं आहे. खेळ शून्य केलात तर सिलिंडरचं परतीचं बारीक छिद्र बंदच राहतं, गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परत जाऊ शकत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. असं चाक पूर्ण जाम झालेलं मी पाहिलं आहे.

ऑइल दोन्हीकडचं बदला. मागच्याला हवा काढताना कॅलिपरचा (पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचा) हवा सोडायचा निप्पल वरच्या बाजूला येईल असा धरा, नळीला पान्याच्या मुठीने हलकं टकटक करा, चिकटलेले बुडबुडे सुटतात. पुढच्याला शेवटी लिव्हर दोरीने हँडलला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी लिव्हर घट्ट लागतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या.

वसईकर
मंगळवार, सकाळी ८.१५

छान चाललाय धागा. एक गोष्ट राहिली. आमच्याकडे खाडीचा वारा, मिठागरं जवळ, त्यामुळे मला हा त्रास फार झाला.

पॅड बदलले पण कॅलिपरच्या सरकत्या पिना कोणी बघितल्या का? मोटोक्रॉस गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो. पिस्टन एकाच बाजूला असतात. ते एका पॅडला ढकलतात आणि कॅलिपर सरकून दुसऱ्या पॅडला ओढून आणतो. पिना गंजून अडकल्या की एकच पॅड काम करतो. माझे जुने पॅड काढले तेव्हा आतल्यावर जेमतेम एक मिलिमीटर माल उरला होता आणि बाहेरचा जवळजवळ नवा होता! मी सहा महिने अर्ध्या ब्रेकवर फिरत होतो.

पिना काढून पुसायच्या, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर, मग सिलिकॉनचं ग्रीस. साधं ग्रीस नको, त्याने रबरी टोप्या फुगतात. टोपी फाटली असेल तर लगेच बदलायची, चिखल तिथूनच शिरतो. आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलायच्या आधी ते ब्रेक क्लिनरने स्वच्छ करायचे, नाहीतर त्यांच्यावरचा सगळा मुरूम सीलमध्ये जातो.

धुताना प्रेशरचं पाणी कॅलिपरवर आणि चाकाच्या बेअरिंगवर सरळ मारू नका. चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर फडकं टाका. चेनचं तेल पॅडमध्ये मुरलं की ते पॅड फेकावे लागतात.

खोपोलीचा_पाऊस
मंगळवार, दुपारी १२.४०

माझ्याकडे हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही आहे, कधी कधी मीही अशा ट्रॅकवर नेतो. लाटांवर ब्रेक दाबला की लिव्हरमध्ये टकटक होतं आणि गाडी पुढेच जाते. हे एबीएसमुळे (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) का? फ्यूज काढू का?

ठाणेकरीण
मंगळवार, दुपारी १.१०

हो, एबीएसच. चाक लाटेवरून उडालं आणि हवेत ब्रेकने थांबलं की सेन्सरला वाटतं चाक जाम झालं, म्हणून तो ब्रेक सोडतो. चाक खाली टेकतं तेव्हा ब्रेक सुटलेला असतो. रस्त्यावर जीव वाचवणारी गोष्ट इथे अंतर वाढवते.

फ्यूज काढू नका. २०२३ च्या मॉडेलपासून ४व्हीला रोड, ऑफरोड आणि रॅली असे तीन मोड आहेत. ऑफरोडमध्ये एबीएस कमी लुडबुड करतो, रॅलीत बंद होतो. मातीवर सरावासाठी ऑफरोडपासून सुरू करा. परत डांबरावर चढताना मोड बदलल्याची खात्री करा, दरवेळी. घरी पोचेपर्यंत हात थकलेले असतात आणि तेव्हाच विसर पडतो.

ठाणेकरीण
मंगळवार, रात्री १०.३०

आता धुरळाच्या लाटांबद्दल. जरा मोठं होईल, पण हे मला मनापासून लिहायचं आहे, कारण मी स्वतः दोन हंगाम ब्रेकवर पैसे घालत बसले होते.

या लाटा आपणच तयार करतो. सगळे एकाच ठिकाणी ब्रेक दाबतात, सस्पेन्शन दबून परत येतं, चाक किंचित उड्या मारत माती खणतं. मागून येणाऱ्याचं चाक त्याच खड्ड्यात आपटून त्याच उंचवट्यावरून उडतं. शंभर फेऱ्यांत पत्रा तयार.

समजा दोन लाटांमध्ये दीड मीटर अंतर आहे. ४० च्या वेगात ते अंतर सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात संपतं. तेवढ्या वेळात शॉकप दबून पुन्हा लांब झाला पाहिजे. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकप परत लांब व्हायचा वेग, फार मंद असेल तर तो पुरता लांब व्हायच्या आत पुढची लाट येते, मग तिसरी, चौथी. दर लाटेला तो आणखी आखडत जातो आणि शेवटी सस्पेन्शन उरतच नाही, नुसता लोखंडी दांडा. रिबाउंड फार जलद असेल तर मागचं चाक लाथ मारतं. दोन्हीत चाक जमिनीवर कमी, हवेत जास्त. हवेतल्या चाकाला जगातला कुठलाही ब्रेक लावा, काय उपयोग? उलट ते थांबलेल्या अवस्थेत खाली येतं आणि टेकताक्षणी घसरतं.

म्हणून सुरुवात सॅगपासून, म्हणजे तू बसल्यावर गाडी मागे किती दबते त्यापासून. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. मागच्या ॲक्सलपासून सरळ वर फेंडरवर एक खूण करून अंतर मोज. मग बूट, हेल्मेट, सगळं घालून गाडीवर बस, कोणीतरी हँडल धरू दे, परत मोज. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. मोठ्या मोटोक्रॉस गाडीला, जिचा मागचा प्रवास ३०० मिमीच्या आसपास असतो, तो १०० ते १०५ मिमी धरतात. त्यापेक्षा बराच जास्त असेल तर मागची बाजू बसलेली, पुढची हलकी, पुढच्या टायरवर वजनच येत नाही. फारच कमी असेल तर उलट, ब्रेकला मागचं चाक उचकटतं.

मग क्लिकर, म्हणजे सस्पेन्शन मंद-जलद करायचे स्क्रू. एका वेळी एकच गोष्ट, दोन क्लिक, आणि वहीत नोंद. फोर्कवर हवा सोडायचा स्क्रू असेल तर पुढचं चाक उचलून दर रविवारी उघड. गरम झाल्यावर आत दाब साठतो आणि फोर्क कडक होतो.

आणि हे कोणी सांगत नाही: पुढचं चाक बसवताना ॲक्सल आवळला की लगेच खालचे पिंच बोल्ट (ॲक्सल चिमटून धरणारे) आवळायचे नाहीत. गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबायचा, फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसू द्यायचे, मगच बोल्ट. नाहीतर फोर्क तिरका आवळला जातो आणि लाटांवर अडखळतो. तसंच पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलव. हँडलच्या मानेतल्या बेअरिंगमध्ये खटखट लागली तर ब्रेकचा दोष समजून दुसऱ्याच आजाराला औषध देत बसशील.

टायरमध्ये हवा किती आहे? बरेच जण रस्त्याच्या सवयीने २५ ठेवतात. १२ ते १५ पीएसआयमध्ये टायर लाटेला चिकटतो. पण रिम लॉक (टायर रिमवर घसरू न देणारा चिमटा) हवाच, आणि दगडांवर फार कमी केलीस तर ट्यूबला चिमटा बसतो.

बसणं की उभं राहणं, एक बोट की दोन, हे उद्या लिहिते.

घाटमाथा
बुधवार, सकाळी ६.५०

ताई, उत्तम. एका ठिकाणी भर घालतो. उतारावर बरेच जण क्लच दाबून ब्रेक मारतात. मी इंजिन जोडलेलंच ठेवतो, फोर-स्ट्रोकचा इंजिन ब्रेक मोठा असतो आणि मागच्या ब्रेकवरचा भार कमी होतो, म्हणजे काका म्हणतात ती उष्णताही कमी.

ठाणेकरीण
बुधवार, सकाळी ७.३०

सरळ उताराला मान्य. पण लाटा दाट असतील तिथे इंजिन ब्रेक अधिक मागचा ब्रेक मिळून मागचं चाक उड्या मारायला लागतं. तेव्हा मी मागचा ब्रेक सोडते किंवा क्लच अर्धा ओढते, चाक परत गोल फिरू देते. ऐकून घ्यायचं, कानाला कळतं.

घाटमाथा
बुधवार, सकाळी ७.४०

बरोबर. हे ठिकाणावर आहे, नियम नाही.

ठाणेकरीण
बुधवार, रात्री ११.००

राहिलेलं लिहिते.

ब्रेक लाटांच्या आधी. हे वाक्य मी हँडलच्या पॅडवर स्केच पेनने लिहिलं होतं. लाटा सुरू व्हायच्या आधी जो गुळगुळीत तुकडा आहे, तिथे उभं राहून, दोन्ही ब्रेकने, वेगाचा मोठा भाग काढून टाकायचा. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ६० वरून थांबायला ५० च्या तुलनेत जवळजवळ दीडपट जमीन लागते. म्हणजे लाटांत शिरताना दहाने कमी असलास तर केवढी जमीन हातात राहते बघ.

लाटांमध्ये उभंच राहायचं. गुडघ्यांनी टाकी आवळ, कंबर मागे, कोपरं वर, छाती फार मागे नको. वजन पायावर असलं की हात मोकळे राहतात. हातावर भार देऊन उतरलास तर पाच फेऱ्यांत पोटऱ्या नाही, पण हात दगड होतात, मग बोटाला लिव्हरवरचा दाब कळेनासा होतो आणि भीतीने घट्ट दाबला जातो.

पुढच्यावर एक बोट. लिव्हर आतल्या बाजूला सरकव, म्हणजे तर्जनी टोकावर येईल. ब्रेक चढत्या दाबाने, सुपारी कातरताना अडकित्ता दाबतो तसा, झटक्याने नाही. उंचवट्याच्या चढत्या बाजूला थोडा जास्त, पलीकडे चाक सुटतंय असं वाटलं की सैल. हे इतकं जलद असतं की विचार करून होत नाही, पण सावकाश वेगात तासभर केलंस की बोट शिकतं.

आणि रेषा बदल. सगळे जिथून जातात तिथून एक हातभर बाहेर जा. तिथे लाटा निम्म्या असतात. वळणात शिरायला जरा लांब पडेल, पण चाक जमिनीवर असेल.

धुरळा
गुरुवार, रात्री ९.१५

सगळ्यांचं वाचून वहीत उतरवलंय. मनगट बरं व्हायला वेळ आहे तोवर गाडीचं काम करतो. पानाठोक काका, शनिवारी गॅरेजवर येऊ का? माझ्याने पिना एकट्याने निघणार नाहीत.

पानाठोक
गुरुवार, रात्री ९.३०

या. दुपारी चारनंतर. पाना मी देतो, काम तुम्ही करा. चहा माझा.

धुरळा
रविवार (तीन आठवड्यांनी), संध्याकाळी ७.२०

आज सकाळी ट्रॅकवर जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

त्या शनिवारी काकांनी सगळं माझ्याकडून करून घेतलं. मागचं जुनं ऑइल काढलं ते पारदर्शक नळीतून आधी काळं, मग मळकट, मधेच दोन बारीक बुडबुडे, मग हळूहळू मधासारखं स्वच्छ. काकांनी दोन्ही बाटल्या शेजारी उन्हात ठेवून दाखवल्या. पुढच्या कॅलिपरची एक पीन हाताने हलतच नव्हती, टोपीला चीर होती. आतून जे निघालं ते ग्रीस नव्हतं, मुरूम आणि गंज यांचा लाल लगदा होता. दुसरी ठीक होती. म्हणजे वसईकर, तुमचा अंदाज अर्धा बरोबर निघाला. गॅरेजने टाकलेल्या नव्या पॅडवर काचेसारखी चमक आली होती. काकांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते घासायला लावले, कोन बदलत, रंग एकसारखा होईपर्यंत. नंतर सोसायटीच्या मागच्या बंद गल्लीत गाडी ढकलून ढकलून पॅड डिस्कवर बसवले, बाकीचं ट्रॅकवर केलं.

सॅग मोजला. १२२ मिमी. माझं वजन ८४ किलो, आधीचा मालक बारीक होता. स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) वाढवत १०५ वर आणला. टायरमध्ये २४ होती, आता १४. रिबाउंड दोन क्लिक जलद.

आज आधी सपाट जागेवर चाचणी घेतली, ताई म्हणाल्या तशी. शेतकऱ्याच्या घरून थोडा चुना आणला, एक आडवी रेघ मारली. ४० च्या अंदाजाने यायचं, रेघेवर ब्रेक. मामेभाऊ पावलं मोजत होता. फक्त मागचा: बावीस पावलं, आणि चाक घासत गेल्याची लांब खूण. फक्त पुढचा: चौदा. दोन्ही: अकरा. माझा सगळा विश्वास मागच्या पायावर होता, तो कुठे ठेवायचा होता हे त्या चुन्याच्या रेघेवर उभं राहून कळलं.

मग उतार. मामेभावाने बांधाजवळ बसून मोबाइलवर स्लो मोशन घेतलं. पहिल्या दोन फेऱ्यांत मी जुन्या सवयीने लाटांतच ब्रेक दाबला. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, पुढचं चाक एका लाटेवरून सुटतं, हवेत असताना त्याचे आरे एकदम स्थिर होतात, तसंच खाली टेकतं आणि मातीचा एक छोटा फवारा उडतो. मग पुढची लाट, परत तेच. ते बघून मी गाडी बाजूला लावली आणि दहा मिनिटं तो व्हिडिओच बघत बसलो.

तिसऱ्या फेरीपासून उताराच्या वरच्या टोकाला, बाभळीच्या झाडापाशी, ब्रेक सुरू केला आणि रेषा हातभर बाहेर घेतली. सहाव्या फेरीला वळणात आत राहिलो. बारा फेऱ्या मारल्या, मागचं पेडल शेवटपर्यंत घट्ट होतं. थांबल्यावर मागच्या डिस्कवर पाण्याचे थेंब शिंपडले. आधी चर्रर करून उडायचे, आज नुसते सुकले.

मोठी डिस्क घेतली नाही. खर्च झाला तो ऑइल, एक टोपी, ग्रीस आणि पॉलिश पेपरचा.

निळी_हेल्मेट
रविवार, रात्री ८.००

फार आनंद झाला. मीही माझ्या पिना काढून बघतो, तीन वर्षांत कधी हात लावला नाही. डिस्कबद्दल मी घाईने सांगितलं होतं.

वसईकर
रविवार, रात्री ८.२५

एक राहिलं. डिस्कवरच कमीत कमी जाडी किती हवी ते कोरलेलं असतं. निळी झाली होती म्हणतोस तर व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोज. आणि चाक अधांतरी फिरवून डिस्क डोलते का बघ.

धुरळा
रविवार, रात्री ९.०५

पुढची मोजली आहे, ठीक आहे. मागची मर्यादेच्या अगदी जवळ आली आहे आणि एका जागी डोलते. पुढच्या महिन्यात बदलतो, मूळ मापाचीच.

ताई, एक प्रश्न उरला. उतार आता जमतोय, पण डाव्या वळणात शिरताना ब्रेक सोडायचा क्षण चुकतो. बसायला जातो आणि त्याच वेळी बोट लिव्हरवरून निसटतं, फोर्क एकदम वर येतो आणि पुढचं चाक बाहेर ओढतं. व्हिडिओ टाकू का?

ठाणेकरीण
रविवार, रात्री ९.२०

टाक. शक्यतो बाजूने घेतलेला, तुझं बोट आणि फोर्क दोन्ही दिसतील असा. तोवर एवढं कर: बसताना ब्रेक सोडू नकोस, गाडी झुकवतानाही तो हलका धरून ठेव आणि थ्रॉटल उघडायच्या क्षणीच सोड. फोर्क दबलेला राहिला की पुढचं चाक वळणात चावतं. पुढच्या रविवारी मी बदलापूरला येऊ शकते, सहाच्या आत पोचेन. चुना थोडा जास्त आण, वळणातही एक रेघ मारू.

पानाठोक
रविवार, रात्री ९.४५

मीही येतो. सीलबंद डॉट ५.१ ची एक बाटली घेऊन येईन, कोणाला लागली तर.